भाडेवसुलीवरचा चित्रकार

मँचेस्टरमध्ये पॅल मॅल प्रॉपर्टी कंपनी नावाची एक कंपनी होती. भाड्याच्या घरांचा कारभार पाहायचा आणि घरोघर हिंडून भाडं गोळा करायचं, हा तिचा धंदा. १९१० साली बावीस वर्षांचा एक उंच, काहीसा अवघडल्यासारखा वावरणारा तरुण तिथे कारकून म्हणून लागला आणि १९५२ साली मुख्य रोखपाल होऊन, पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त झाला. मधल्या बेचाळीस वर्षांत लंडनच्या टेट गॅलरीने त्याचं चित्र विकत घेतलं होतं, दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्याला युद्धचित्रकार नेमलं होतं, मँचेस्टर विद्यापीठाने मानद पदवी दिली होती. तरीही तो सकाळी कचेरीत जात होता आणि हिशेबाच्या वह्या लिहीत होता.

लॉरेन्स स्टीफन लाउरी हे त्याचं नाव. विसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये सामान्य माणसाने इतकं आपलं मानलेला दुसरा चित्रकार शोधून सापडायचा नाही. पण या नोकरीबद्दल तो जिवंत असेपर्यंत बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मुलाखती घेणाऱ्यांना तो हसतखेळत वाटेल ते सांगायचा, मात्र पॅल मॅलचा विषय टाळायचा. आपल्यावर ‘सुट्टीच्या दिवशी रंग खेळणारा हौशी’ असा शिक्का बसेल ही त्याला धास्ती होती. गंमत अशी, की लपवलेली ही नोकरीच त्याच्या चित्रांची खरी शाळा होती. ती नसती तर ज्या लाउरीला जग ओळखतं तो झालाच नसता, असं माझं मत आहे.

त्याचा जन्म १ नोव्हेंबर १८८७चा, मँचेस्टरजवळच्या स्ट्रेटफर्डचा. वडील रॉबर्ट हेही घरांच्या व्यवहारातल्या एका कचेरीत कारकून. आई एलिझाबेथ उत्तम पियानो वाजवायची. तिला मुलगी हवी होती. झाला मुलगा, तोही धांदरट. आपण यापेक्षा चांगल्या आयुष्याच्या लायकीचे होतो, ही तिची खंत घरभर भरून राहिलेली असायची. सुरुवातीला कुटुंब व्हिक्टोरिया पार्क या झाडीच्या, प्रतिष्ठित वस्तीत राहत होतं. पुढे पैशांची ओढाताण सुरू झाली आणि १९०९ साली त्यांना पेंडलबरीला बिऱ्हाड हलवावं लागलं. सॉलफर्डला लागून असलेलं हे गाव म्हणजे गिरण्या, कोळशाच्या खाणी आणि धूर. आईने ते कधीच मनापासून स्वीकारलं नाही. लाउरीलाही पहिली काही वर्षं त्या जागेचा तिटकाराच होता.

त्याला ‘स्वयंशिक्षित’ म्हणणारे लोक अजून भेटतात. ते साफ चूक आहे. १९०५ पासून तो नोकरी सांभाळून मँचेस्टरच्या कलाविद्यालयात संध्याकाळच्या वर्गांना जात होता. तिथे अडोल्फ व्हॅलेट हा फ्रेंच चित्रकार शिकवायला होता. मोने, पिसारो यांची दृष्टी घेऊन आलेल्या या माणसाने मँचेस्टरचं धुकं, कालवे आणि दिव्यांचा ओलसर उजेड इतक्या नजाकतीने रंगवला, की या काळवंडलेल्या शहरातही चित्र आहे हे विद्यार्थ्यांना पहिल्यांदा दिसलं. १९१५ नंतर लाउरी सॉलफर्डच्या कलाशाळेत जाऊ लागला आणि विसाच्या दशकाच्या मध्यापर्यंत जात राहिला. नग्न मॉडेल समोर बसवून केलेली त्याची पेन्सिलीची रेखाटनं आजही पाहायला मिळतात. शरीराची ठेवण, वजन, सांधे सगळं त्यात चोख आहे. वीस वर्षं रेखाटनाचे धडे गिरवलेला माणूस जेव्हा काडीसारखी माणसं काढतो, तेव्हा ती त्याला दुसरं काही जमत नाही म्हणून काढलेली नसतात.

पेंडलबरीकडे त्याची नजर वळली ती एका चुकलेल्या गाडीमुळे, असं तो पुढे सांगत असे. साल १९१६च्या आसपासचं. स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती. जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहिल्यावर समोर ॲक्मे स्पिनिंग कंपनीची प्रचंड गिरणी दिसली. संध्याकाळच्या ओलसर आभाळावर खिडक्यांच्या पिवळ्या रांगा उजळलेल्या, आणि त्याच वेळी पाळी सुटून शेकडो माणसं बाहेर पडत होती. हे दृश्य तो सात वर्षं रोज ओलांडत होता. त्या दिवशी ते त्याने पाहिलं. लाउरी आपल्या गोष्टी रंगवून सांगायचा, त्यामुळे हीसुद्धा थोडी मीठमसाला लावून घ्यावी. पण पुढची चित्रं पाहता तिचा गाभा खरा वाटतो.

हे जग मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा घाट घातला, तेव्हा यंत्रं लँकेशायरमधूनच मागवली गेली. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं परळ-लालबागच्या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या खडखडत राहिली. गिरणीच्या फाटकातून एका वेळी सुटणारी गर्दी, भोंग्यावर बांधलेलं आयुष्य, चिमणीखालची घरं हे सगळं ज्या घरात आजोबांनी सांगितलेलं असेल, त्या घरातल्या माणसाला लाउरी समजावून सांगावा लागत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. लाउरी गिरण्या रंगवत होता त्या काळात लँकेशायरच्या कापडाची सद्दी संपत आली होती. १९३१च्या सप्टेंबरात गांधीजी डार्वेनला जाऊन तिथल्या कामगारांना भेटले, तेव्हा कितीतरी गिरण्या बंद होत्या. म्हणजे त्याच्या चित्रातल्या धुराच्या चिमण्या हे भरभराटीचं वर्णन नाही. तो कारखानदारीचा एक संपत चाललेला काळ टिपत होता, आणि त्याला ते पुरतं कळत होतं की नाही हे त्याच्या बोलण्यावरून कधी ठरवता येत नाही.

आता पुन्हा भाडेवसुलीकडे येऊ. भाडेवसुलीचा माणूस दार ठोठावतो तेव्हा घर त्याला उंबऱ्यापासून दिसतं. आत बोलावलं तर चुलीपर्यंत दिसतं. कुणाचं काम सुटलं, कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाचा नवरा पिऊन पडलाय, कोण चार आठवडे थकलंय हे त्याला पाद्र्याच्या किंवा डॉक्टरच्या आधी कळतं. लाउरीला मँचेस्टर आणि सॉलफर्डच्या वस्त्यांतल्या गल्ल्या अशा माहीत झाल्या. फेरीवर असताना पाकिटाच्या पाठीवर, हाताला येईल त्या चिठोऱ्यावर तो पेन्सिलीने झरझर टिपणं घ्यायचा. घरी जेवण आटोपलं, की वरच्या खोलीत जाऊन त्या टिपणांतून चित्र रचायचा. ‘रचायचा’ हा शब्द मुद्दाम वापरला. त्याच्या बहुतेक चित्रांतली जागा नकाशावर शोधली तर सापडत नाही. एक गिरणी इथली, एक चर्च तिथलं, एक पूल तिसरीकडचा असं जुळवून तो स्वतःचं एक गाव उभं करत असे.

या वस्त्यांचा तो कैवारी मात्र नव्हता. राजकारणात त्याचा कल हुजूर पक्षाकडे होता, आणि पगार त्याला घरमालकांच्या बाजूने काम करण्याचा मिळत होता. गरिबांची कीव करायला किंवा समाज सुधारायला आपण चित्र काढत नाही, हे तो स्वच्छ सांगायचा. आपण आपला एकटेपणाच त्या माणसांत रंगवतो, अशा अर्थाचंही बोलायचा. डाव्या विचारांच्या लोकांना हे ऐकून दरवेळी थोडं वाईट वाटतं. मला उलट वाटतं, की कळवळा दाखवायचा नव्हता म्हणूनच त्याच्या चित्रातली माणसं नाटकी झाली नाहीत.

‘द फीव्हर व्हॅन’ हे १९३५चं चित्र घ्या. ते लिव्हरपूलच्या वॉकर गॅलरीत आहे. लाल विटांच्या घरांच्या रांगा, मागे चर्च आणि चिमण्या, आणि एका दाराशी थांबलेली गाडी. घटसर्प किंवा लाल ताप झालेल्या मुलाला वेगळं ठेवण्याच्या इस्पितळात नेणारी ही गाडी. त्या काळात त्यातून गेलेली सगळी मुलं परत येत नसत. चित्रात मात्र रडणारी आई मोठी करून दाखवलेली नाही. गाडी पाहायला शेजारीपाजारी गोळा झालेत, दुसरे आपल्या वाटेने चाललेत. गाडीही एवढी लहान, की नाव वाचलं नसतं तर आपणही तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे गेलो असतो. रस्ता दुःखाकडे जसा पाहतो तसंच हे पाहणं आहे. ते फक्त रोज रस्त्यावर असलेल्या माणसालाच जमेल.

सुरुवातीची चित्रं काळपट होती. काळी माणसं, मागे काळ्या भिंती, वर काळं आभाळ. सॉलफर्डच्या कलाशाळेत शिकवणारा आणि ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये कलासमीक्षा लिहिणारा बर्नार्ड टेलर याने त्याला स्पष्ट सांगितलं, की पार्श्वभूमी उजळ केल्याशिवाय ही माणसं उठून दिसणार नाहीत. लाउरी चिडला. घरी जाऊन, जणू सूड म्हणून, त्याने पांढऱ्याफेक जमिनीवर काळ्या आकृती काढल्या आणि टेलरपुढे नेऊन ठेवल्या. टेलर म्हणाला, मी हेच सांगत होतो. तिथून लाउरीचा पांढरा रंग सुरू झाला.

त्या पांढऱ्यासाठी त्याने काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. १९२४ साली त्याने लाकडाचा एक लहान तुकडा घेतला, त्यावर फ्लेक व्हाइट, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, एकावर एक सहा वेळा दिला, वाळू दिला आणि तुकडा बंद करून ठेवून दिला. सहासात वर्षांनी दुसरा तुकडा तसाच रंगवला आणि पहिला उघडून शेजारी ठेवला. नवा पांढरा मढ्यासारखा कोरा दिसत होता. जुन्यावर सायीसारखी करडी-पिवळसर झाक चढली होती. आपल्याला हवा तो रंग हाच, आणि तो काळच देणार, हे त्याला तेव्हा उमगलं. आज काढलेली चित्रं आपल्या मरणानंतरच खरी दिसतील, असं तो यावरून म्हणायचा. साधाभोळा चित्रकार असली वाट पाहत नाही.

त्याच्या पॅलेटवर रंग पाचच: काळा, शेंदरी लाल, प्रशियन निळा, पिवळा गेरू आणि हा पांढरा. पातळ करायला तेल वगैरे काही घालायचा नाही. ब्रशने लावायचा, बोटाने चोळायचा, नखाने किंवा ब्रशच्या उलट्या टोकाने ओरखडायचा, आणि हात पुसायला अंगावरचा कोट होताच. चित्रांजवळ गेलं, की लांबून काडी वाटणाऱ्या माणसांचे बूट दिसायला लागतात. जड, मोठे, पुढे झुकलेल्या शरीराला जमिनीला धरून ठेवणारे. कुणी पाठीत वाकलाय, कुणी एक पाय ओढतोय, कुणी कुत्र्याशी बोलायला थांबलाय. सावली मात्र कुणाचीच पडत नाही. पाऊस नाही, ऊन नाही. या पांढऱ्या जमिनीवर सगळे तरंगल्यासारखे आणि तरीही घाईत.

१९३२ साली वडील गेले आणि मागे कर्ज ठेवून गेले. आईने अंथरूण धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. सात वर्षं दिवसा कचेरी, संध्याकाळी आईची सेवा आणि ती झोपल्यावर रात्री दहापासून दोन वाजेपर्यंत चित्रं, असा त्याचा क्रम होता. आईला ती चित्रं आवडत नव्हती. १९३८ साली त्याने आरशात पाहून स्वतःचा चेहरा रंगवायला घेतला आणि त्यातून ‘हेड ऑफ अ मॅन’ हे चित्र तयार झालं. लालभडक डोळे, तांबारलेलं नाक, गळ्याशी लाल मफलर, समोर रोखलेली नजर. गर्दी रंगवणाऱ्या माणसाने इतक्या जवळून काढलेला हा चेहरा पाहताना नजर चुकवावीशी वाटते. त्याच्या सगळ्या कामात मला हे चित्र सर्वांत धाडसी वाटतं. गिरण्यांच्या प्रतिमा कॅलेंडरांवर छापून विकता येतात. हा चेहरा कुणी भिंतीवर लावायला धजणार नाही.

त्याच वर्षी लंडनच्या लेफेव्हर गॅलरीचा एक भागीदार चौकटी बनवणाऱ्या एका दुकानात गेला असताना तिथे लाउरीची चित्रं पडलेली त्याने पाहिली. १९३९ साली लंडनमध्ये पहिलं प्रदर्शन झालं आणि टेटने ऑर्डसॉल लेनवरच्या घरांचं एक चित्र घेतलं. लाउरी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात आई वारली. जिला दाखवायचं तीच उरली नाही, आता यशाचं काय करू, हा सूर त्यानंतर त्याच्या बोलण्यातून कधी गेला नाही.

पेंडलबरीच्या घराकडे त्याचं लक्ष उडालं. डागडुजी नाही, झाडलोट नाही. अखेर १९४८ साली घरमालकाने ते घर ताब्यात घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांची भाडी गोळा करणाऱ्या माणसावर ही पाळी आली. पैशाची अडचण नव्हती. त्याने मॉट्रम या गावात ‘द एल्म्स’ नावाचं दगडी घर घेतलं. गाव आपल्याला मुळीच आवडत नाही असं तो येईल त्याला सांगायचा आणि मरेपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, तिथेच राहिला. घरात बरीच घड्याळं होती आणि प्रत्येक वेगळी वेळ दाखवायचं. नको असलेले पाहुणे टाळायला त्याने दाराशी एक बॅग भरून ठेवली होती: आलात, पण मी आत्ता प्रवासाला निघालोय. एकदा एका भल्या पाहुण्याने त्याला आग्रहाने स्टेशनवर सोडलं, आणि बिचाऱ्याला तिकीट काढून पुढच्या स्टेशनपर्यंत जाऊन यावं लागलं. तेव्हापासून बॅग आत गेली. मोटार त्याने कधी घेतली नाही, लग्न केलं नाही, परदेशी पाऊल टाकलं नाही.

निवृत्तीनंतर गिरण्या कमी झाल्या. एक तर त्या पडत चालल्या होत्या; सॉलफर्डच्या जुन्या गल्ल्या साठच्या दशकात बुलडोझरखाली गेल्या. दुसरं म्हणजे तोच कंटाळला होता. लोक मात्र गिरण्याच मागत. तो संदरलँडच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात जाऊन राहू लागला आणि नुसता समुद्र रंगवू लागला: एक करडी रेघ, वर पांढरं, खाली पांढरं, बोट नाही, माणूस नाही. याच काळातलं ‘मॅन लाइंग ऑन अ वॉल’ (१९५७) हे चित्र मला फार आवडतं. कोटटोपीतला एक गृहस्थ विटांच्या कठड्यावर ऐसपैस आडवा पडून सिगारेट ओढतोय. असा माणूस लाउरीने बसमधून जाताना पाहिला होता. चित्रात कठड्याला टेकवलेल्या ब्रीफकेसवर त्याने अक्षरं घातली: एल. एस. एल. बेचाळीस वर्षं कचेरीची बॅग वाहिलेल्या कारकुनाने स्वतःला दिलेली ही सुट्टी.

सरकारी मानसन्मानांचं त्याला वावडं होतं. १९५५ साली ओबीई, १९६१ साली सीबीई, १९६८ साली पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्याकडून ‘सर’ हा किताब आणि नंतर दोनदा कंपॅनियन ऑफ ऑनर, असे पाच सन्मान त्याने नाकारले. ब्रिटनमध्ये इतके सन्मान नाकारणारा दुसरा माणूस नाही. खुद्द विल्सन यांनी १९६४च्या नाताळचं शुभेच्छापत्र म्हणून लाउरीचं ‘द पॉंड’ छापलं होतं. रॉयल अकॅडमीचं सदस्यत्व मात्र त्याने १९६२ साली घेतलं. चित्रकारांनी दिलेलं चालत होतं, सरकारने दिलेलं नाही.

२३ फेब्रुवारी १९७६ रोजी ग्लॉसप इथल्या इस्पितळात न्यूमोनियाने तो गेला. वय ८८. त्याच वर्षी रॉयल अकॅडमीत भरलेलं त्याचं प्रदर्शन साडेतीन लाखांहून अधिक लोकांनी पाहिलं. जवळपास तीन लाख पौंड आणि उरलेली चित्रं त्याने एका तरुणीच्या नावे केली होती. तेरा वर्षांची असताना, आडनाव एकच म्हणून, चित्रकार कसं व्हावं हे विचारायला तिने त्याला पत्र लिहिलं होतं. तो काही दिवसांनी न कळवता तिच्या घरी जाऊन उभा राहिला आणि पुढे तिच्या कुटुंबाचाच झाला. त्याच्या मृत्यूनंतर खोल्या आवरताना बाहुल्यांसारख्या, गळपट्ट्यांनी आणि घट्ट कपड्यांनी आवळलेल्या मुलींची काही रेखाटनं सापडली. ती अस्वस्थ करणारी आहेत. गोड, विक्षिप्त म्हातारा अशी जी प्रतिमा त्याने स्वतःच लोकांना पुरवली होती, तीत ती बसत नाहीत. चरित्रकारांनी ती झाकली नाहीत हे बरं झालं.

लंडनच्या कलाजगताने त्याला बरीच वर्षं जरा दूरच ठेवलं. १९७८ साली त्याच्यावरचं एक गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि त्याने तर ‘काडीची माणसं काढणारा’ ही ओळख कायमची चिकटवली. टेटकडे त्याची वीसहून अधिक चित्रं होती, ती क्वचित भिंतीवर यायची. २०१३ साली टी. जे. क्लार्क आणि ॲन वॅगनर या अभ्यासकांनी टेट ब्रिटनमध्ये त्याचं मोठं प्रदर्शन मांडलं, तेव्हा आधुनिक जीवनाचा चित्रकार म्हणून त्याचा गंभीरपणे विचार झाला. फ्रेंच चित्रकारांनी पॅरिसचे कॅफे रंगवले त्याला आधुनिक म्हणायचं आणि याने कापडगिरणीचं फाटक रंगवलं त्याला साधाभोळा, हा भेदभाव तोवर फारसा कुणाला खटकला नव्हता.

सॉलफर्डमध्ये जुन्या गोदीच्या जागेवर २००० साली ‘द लाउरी’ हे कलाकेंद्र उभं राहिलं. तिथे त्याची सुमारे चारशे चित्रं आणि रेखाटनं आहेत. ‘गोइंग टू द मॅच’ हे १९५३चं चित्रही तिथे बरीच वर्षं टांगलेलं होतं. बोल्टनच्या बर्न्डन पार्क मैदानाकडे लोटणारी फुटबॉलवेड्या लोकांची गर्दी त्यात आहे. पण ते खेळाडूंच्या संघटनेच्या मालकीचं होतं. संघटनेने ते १९९९ साली १९ लाख पौंडांना घेतलं होतं आणि २०२२च्या ऑक्टोबरात ते लिलावात निघालं. एखाद्या धनिकाच्या घरात ते कायमचं नाहीसं होण्याची भीती होती. केंद्राने एका प्रतिष्ठानकडून देणगी मिळवली, लिलावात बोली लावली आणि ७८ लाख पौंड मोजून ते चित्र सॉलफर्डसाठीच राखलं.